पर्यायनाम व प्रमाणनाम : संगणकजाळ्यांच्या नोंदवहीचा इतिहास

एका व्यक्तीस अनेक नावांनी ओळखण्याची रीत सर्व समाजांत आढळते. यंत्रांस नावे देण्याची वेळ आली तेव्हा तीच रीत त्यांनाही लागू झाली. त्यातून निर्माण झालेल्या व्यवस्थेचा इतिहास नामविचाराच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

अमेरिकेतील 'आर्पानेट' जाळ्यावरील यंत्रांची नावे व पत्ते आरंभी एकाच यादीत नोंदले जात. ही यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील माहिती-केंद्र राखीत असे. एलिझाबेथ फाइनलर या दीर्घकाळ त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. यादीच्या प्रत्येक नोंदीत प्रथम अधिकृत नाम व त्यामागोमाग टोपणनावे लिहिण्याचा प्रघात होता. साहजिकच एका यंत्राची सर्व नावे एकाच ओळीत दृष्टीस पडत.

जाळ्याचा विस्तार होताच ही केंद्रीय यादी अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी 'डी. एन. एस.' ही विकेंद्रित नामव्यवस्था मांडली. १९८७ मध्ये तिचे सुधारित रूप प्रसिद्ध झाले. तीत पर्यायनामासाठी 'सी-नेम' ही स्वतंत्र नोंद आहे. अमुक नाम पर्यायी असून त्याचे प्रमाणनाम तमुक, एवढेच ती सांगते. जेथे ही नोंद असेल तेथे अन्य माहिती ठेवू नये, असा दंडक घालण्यात आला. दोन्ही नामांच्या माहितीत विसंगती येऊ नये, हा त्यामागील हेतू होय.

परंतु या रचनेत संबंध एकदिश झाला. पर्यायनामास प्रमाणनाम ठाऊक असते. प्रमाणनामास आपली पर्यायनामे ठाऊक नसतात. शब्दप्रयोगानेही घोटाळ्यात भर घातली. 'सी-नेम' म्हणजे वस्तुतः प्रमाणनाम. व्यवहारात मात्र पर्यायनामासच 'सी-नेम' म्हटले जाऊ लागले. १९९७ मध्ये रॉबर्ट एल्झ व रँडी बुश यांनी आपल्या स्पष्टीकरणात हा विपर्यास दाखवून दिला.

हा प्रश्न केवळ शाब्दिक नाही. यंत्र निवृत्त होते, त्याचा पत्ता काढला जातो, पण पर्यायनाम तसेच राहते. ते ज्या नामाकडे निर्देश करते ते परक्याच्या हाती गेल्यास संस्थेच्या नावाने परकाच बोलू लागतो. म्हणून जाळ्याची साधनसूची ठेवणाऱ्या प्रणालींवर नवी जबाबदारी आली. २०१६ मध्ये खुल्या झालेल्या 'नेटबॉक्स' प्रणालीत पुढे प्रत्येक पत्त्यापाशी नामाचा एक रकाना आला. मात्र एका रकान्यात अनेक पर्यायनामे मावत नाहीत. त्यांस स्वतंत्र नोंद देऊन पर्यायनाम प्रमाणनामाशी, प्रमाणनाम पत्त्याशी व पत्ता यंत्राशी जोडणे, हाच सुरक्षित मार्ग होय. पर्यायनामापाशी पत्त्याची नक्कल उतरवून ठेवल्यास पत्ता बदलताच ती नक्कल खोटी ठरते.

जुन्या यादीच्या एका ओळीत जे आपोआप साधत होते, ते आता बुद्धिपुरस्सर साधावे लागते. नाम देणे सोपे; कोणते नाम कोणाचे, याची आठवण राखणे हेच खरे कार्य आहे.