वाकळीचं कूळ अंबाडीच्या वाकात

पुण्या-मुंबईकडे जिला गोधडी म्हणतात, तिला लातूर-नांदेडकडे वाकळ म्हणतात. याच मुलखात अंबाडीच्या सालीपासून निघणाऱ्या धाग्याला वाक म्हणतात. वाकाची दोरी, वाकाचा कासरा, वाकाचं दावं. वाकळ घरातल्या वळईवर आणि वाक गोठ्याच्या खुंटीवर, त्यामुळे या दोन शब्दांचं नातं कुणी लावत नाही. माझं म्हणणं असं की ही सख्खी भावंडं आहेत. वाकळीचं नाव चिंध्यांवरून पडलेलं नाही, ते झाडाच्या सालीवरून पडलं आहे. एकदा हे ध्यानात आलं की वाकळीची सगळी कुळकथा वेगळी दिसू लागते.

आधी वाकळ होते कशी ते पाहू. नऊवारी लुगडं बसून-उठून मधोमध विरतं, काठापदर मात्र धड राहतात. मग विरलेला मधला भाग काढून दोन धड तुकडे जोडतात. याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडंही विरलं की त्याची पाळी वाकळीत जायची. सोबत धोतर, सदरे, पोरांची झबली, परकर. जुनेर धुवून शिवणी उसवायच्या, गुंड्या काढून डब्यात टाकायच्या. सारवलेल्या अंगणात किंवा ओसरीवर एक धड लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि त्यावर जुनेराचे थर लावत जायचं. कुठे जाड झालं, कुठे पातळ राहिलं, हे बाई तळव्यानं चाचपून ओळखते आणि पातळ जागी आणखी एखादं धडुतं सरकवते. वरून पुन्हा एक लुगडं किंवा रंगीत तुकड्यांची मांडणी. मग सुई आणि जाड सुती दोरा.

शिवण सुरू होते कडेपासून. चारही बाजूंनी धावदोरा घालत कडा बंद करायची, मग बोटभर आत दुसरी ओळ, तिच्या आत तिसरी. चौकोनात चौकोन असं करत शेवटी मध्यावर यायचं. दोघी-तिघी असल्या तर एकेक बाजू वाटून घेतात आणि जसजसं शिवण आत सरकतं तसतशा स्वतः वाकळीवरच सरकत येतात. कडा आधी बांधली गेल्यामुळे कापडाचा फुगवटा आत ढकलला जातो, तो प्रत्येक ओळीला तळव्यानं बसवावा लागतो. जुन्या वाकळीवर पाण्याच्या लाटांसारख्या ज्या बारीक सुरकुत्या दिसतात त्या यामुळेच. कडेपासून आत, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

कापसाच्या मुलखात पांघरूण चिंध्यांचं का, असं बाहेरचा माणूस हमखास विचारतो. उत्तर साधं आहे. कापूस विकायचा असतो. बाजारात गेला तर सावकाराचं देणं फिटतं, शाळेची फी भरली जाते. रजईला कापूस लागतो, तो पिंजायला पिंजारी लागतो आणि त्याची मजुरी रोख द्यावी लागते. वाकळीला रोख लागते ती फक्त दोऱ्याच्या रिळापुरती. नांदेडची बारीक मलमल आणि पागोट्यांचं कापड एके काळी नावाजलेलं होतं, पुढे निजामाच्या काळात तिथे उस्मानशाही मिल उभी राहिली. तरी कापसाचं पीक काढणाऱ्याच्या अंगावर रात्री पडायची ती वाकळच.

आता शब्दाकडे. मराठी भाषेची एक जुनी खोड आहे. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृतात द्वित्त होतं, मराठीत ते एकेरी होतं आणि आधीचा स्वर लांबतो. कर्म, कम्म, काम. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. दुसरी खोड, दोन स्वरांमधल्या एकट्या ल चा ळ होतो. फल, फळ. कमल, कमळ. आता या दोन्ही खोडी वल्कल या शब्दाला लावा. वल्कल, वक्कल, वाकळ. एक अक्षर इकडचं तिकडे करावं लागत नाही. आणि वल्कल ज्यातून निघालं तो मूळ शब्द वल्क, म्हणजे साल. वल्क, वक्क, वाक. गोठ्यातला वाक आणि घरातली वाकळ एकाच खोडाच्या सालीतून निघतात ते असे.

यावर पहिला आक्षेप येतो तो वाकणे, वाकडे या शब्दांचा. वाकळ वाकते, घडी होते, म्हणून वाकळ, असं काही जण सांगतात. मला हे पटत नाही. वाकड्याच्या मुळाशी वक्र आहे, जुन्या मराठीत त्यावर अनुस्वार असतो, वांकडा. वाकळीच्या डोक्यावर तो नाही. शिवाय घडी तर धोतराचीही होते, सतरंजीचीही होते. वाकण्यानं नाव पडायचं तर या एकाच वस्तूला का?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. वल्कल म्हणजे साल, ऋषीचं वस्त्र. वाकळ म्हणजे चिंध्या, कुणब्याचं पांघरूण. साल आणि चिंधी यांचा संबंध काय? इथे मदतीला येतो चीर हा शब्द. संस्कृतात चीर म्हणजे सालीची लांब पट्टी आणि कापडाची फाटकी पट्टीही. दोन्ही अर्थ एकाच शब्दाचे. त्याच चीराला मराठीत दोन टोकं फुटली. एकीकडे द्रौपदीचं चीर, दुसरीकडे बाळाच्या लंगोटासाठी फाडलेलं चिरगुट. म्हणजे साल आणि चिंधी एका शब्दात नांदत होती, याला बाहेरून पुरावा आणावा लागत नाही. वल्कलानंही तीच वाट धरली, एवढंच माझं म्हणणं.

ही वाट भिक्षूंच्या अंगावरून गेली, असं मानणारा एक पक्ष आहे आणि त्याच्या हातात चांगली पानं आहेत. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षूनं काय नेसावं याचे बारीक नियम आहेत. तिथे सालीच्या वस्त्राला वाकचीर म्हटलं आहे. पालीतला हा वाक आपल्या अंबाडीच्या वाकापासून अक्षरानंही दूर नाही. विनयानं भिक्षूंना वाकचीर मना केलं आणि तुकडे जोडून शिवलेलं चीवर नेमून दिलं. मगधातली बांधबंदिस्तीची शेतं दाखवून बुद्धानं आनंदाला तशी आखणी करायला सांगितली, अशी कथा तिथे आहे. साल गेली, ठिगळं आली. पुढे नाथपंथी जोग्यांची कंथा आली, तीही ठिगळांची. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतचं ग्रामदैवत गोदड महाराज, त्यांच्या नावातच गोधडी आहे. तेव्हा विरक्ताच्या पांघरुणाचं नाव सालीवरून चिंध्यांवर आलं आणि त्याच्याकडून गरिबाघरी गेलं, ही मांडणी टाकाऊ नाही.

तरी मला ती अपुरी वाटते. गरिबाच्या घरात अंथरुणाला नाव नव्हतं आणि ते गोसाव्याकडून उसनं आणावं लागलं, हे मनाला पटत नाही. माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे, धाग्याच्या.

अमरकोशानं कापडाचे चार वर्ग केले आहेत. किड्याच्या कोशाचं ते रेशीम, जनावराच्या केसाचं ते लोकरी, फळापासून निघतं ते सुती आणि सालीपासून निघतं ते वाल्क. वाल्काचं उदाहरण दिलं आहे क्षौम, म्हणजे अळशीच्या जातीचं, सालीच्या धाग्यांचं विणलेलं कापड. म्हणजे वल्क म्हटलं की केवळ झाडाची ओरबाडलेली साल अंगाला गुंडाळलेला ऋषी डोळ्यांपुढे आणायचं कारण नाही. साल कुजवून, धागे सोलून, विणून केलेलं कापडही त्यात येतं. अंबाडीचा वाक असाच काढतात. पेंढ्या ओढ्याच्या पाण्यात दाबून कुजत घालायच्या, साल सुटी झाली की सोलून, झोडपून, धुवून वाळवायची. त्या वासानं अख्खं शिवार भरून जातं.

आणि हा धागा या मुलखाला नवा नाही. लातूरच्या पश्चिमेला धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वहीत, पेरिप्लसमध्ये, तगर म्हणून ज्याचं नाव आहे ते हेच, हे फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिलं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे गाव आणि तिथून गाड्यांनी भडोचला माल जातो, असं ती वही सांगते. माल कोणता? पुष्कळ साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि मोलोखिना नावाचं काहीतरी. या शेवटच्या शब्दावर विद्वान भांडत आले आहेत. ग्रीकमध्ये मोलोखे म्हणजे एक विशिष्ट वनस्पती आणि तिच्या कुळात कोण कोण येतं? कापूस, भेंडी आणि अंबाडी. कुणी म्हणतं हा कापडाचा रंग, कुणी म्हणतं हा कापसाचाच प्रकार. पण कापसाचं साधं कापड आणि मलमल आधीच मोजून झाल्यावर तिसरा प्रकार वेगळा सांगायची गरज का पडावी? तो अंबाडीच्या जातीच्या सालीचा धागा असणार, असं मी ठामपणे मानतो. तेरच्या बाजारात वाल्क कापड होतं, मग आसपासच्या घरांत त्याचं भरड, जाड अंथरूणही होतं.

बाकीची गोष्ट शब्दांच्या नेहमीच्या रीतीनं घडली. तेल हे मुळात तिळाचं, आज आपण शेंगदाण्याचं तेल म्हणतो आणि अडखळत नाही. शाई म्हणजे काळी, तरी निळी शाई म्हणतो. सुती कापड स्वस्त झालं, घरोघर फाटकं जुनेर साठू लागलं, तेव्हा सालीच्या जाड अंथरुणाची जागा जुनेराच्या थरांनी घेतली आणि नाव तेच राहिलं. १८५७ साली मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली तोवर वाकळ पुरती चिंध्यांची झालेली होती.

गोधडीचं कूळ याहून निराळं आहे. गुजरातीत गोदडी, हिंदीत गुदडी, तो उत्तरेकडून आलेला शब्द. मराठीनं त्यात ध घातला तो धड, धडुतं यांच्या ओढीनं, असा माझा अंदाज आहे. वाकळ मात्र आपलीच.

नाव आपलं, पण टाका? कडेपासून आत जाणारं ते शिवण आठवा. बंगालच्या कांथ्यात थर आधी एकमेकांना टाचून घेतात, मग त्यांवर कमळं, हत्ती, वेली भरतात. आपल्याकडे चौकोनात चौकोन. तसाच चौकोन उत्तर कर्नाटकातल्या कौदीत दिसतो. कन्नडमध्ये कवि म्हणजे झाकणं, पांघरणं, कौदी बहुधा त्यातूनच. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. देगलूरच्या बाजारात आजही मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही ऐकू येतात. लेकी या सीमेच्या अल्याड-पल्याड दिल्या जात होत्या आणि लेक सासरी जाते तेव्हा तिच्या हाताचा टाका तिच्याबरोबर जातो. वाकळीचा टाका दक्षिणेचा आहे असं मला वाटतं ते यामुळे.

याला एक मोठा प्रतिस्पर्धी दावा आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूरकडचे सिद्दी, म्हणजे गोव्यातून जंगलात आलेले आफ्रिकी वंशाचे लोक, कवंडी नावाची गोधडी शिवतात. हेन्री ड्रूअल या अमेरिकी अभ्यासकाच्या मदतीनं २००४ मध्ये तिथल्या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि या कवंड्या परदेशी संग्रहालयांत पोहोचल्या. त्यांच्या भडक रंगसंगतीत आफ्रिकेची स्मृती पाहणारे लोक आहेत. रंगांबद्दल ते खरं असेलही. शिवण्याची रीत मात्र त्यांनी इथेच उचलली. कवंडीही कडेपासूनच आत शिवतात आणि हीच रीत जिथे एकही सिद्दी घर नाही अशा लातूर-नांदेडच्या खेड्यांत आहे. त्यांच्या कवंडीच्या चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे असतात. ते नसले तर कवंडी उघडी राहिली असं त्या बायका मानतात. त्या तुकड्यांना त्या म्हणतात फुलं. शब्द आपल्या घरचा आहे.

आजच्या वाकळीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नायलॉनच्या साड्या आल्या, त्यांच्यावर टाका ठरत नाही, थर घसरतात, उन्हाळ्यात अंग घामेजतं. सोलापुरी चादर आणि मिंक ब्लँकेट हप्त्यानं मिळतात. तरी घटस्थापनेआधी दसरा काढताना मांजरा, तेरणा, मन्याडच्या काठी वाकळी वाळत पडलेल्या अजून दिसतात.

माझ्या धाग्याच्या तर्काला एकच दुवा हवा आहे, वाकाचं किंवा तागाचं कापड पोटात घालून शिवलेली जुनी वाकळ. औसा, निलंगा, उदगीर, मुखेड, देगलूर, बिलोली या भागात कुणाच्या घरी ऐंशी-नव्वदीच्या आजी असतील तर त्यांना एवढंच विचारा, तुमच्या आजीच्या वाकळीच्या पोटात काय असायचं? त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, गावाच्या नावासह लिहून ठेवा. आणि एखादी वाकळ फाटून टाकायला काढली असेल तर ती टाकण्याआधी कोपऱ्यावर उसवून आतला शेवटचा थर पाहा.