इंग्रजी वाक्यांचे साचे, टोकियोत घडलेले

'ही अ‍ॅडव्हाइज्ड मी टू गो' हे बिनचूक इंग्रजी आहे. त्यातले एकच क्रियापद बदलून 'ही सजेस्टेड मी टू गो' म्हटले, की इंग्रज माणसाच्या कानाला ते खटकते. अर्थ जवळजवळ तोच, काळही तोच; तरी 'सजेस्ट'पुढे ही मांडणी चालत नाही. का चालत नाही, हे इंग्रजाला सहसा सांगता येत नाही, कारण त्याला ते कधी शिकावेच लागलेले नसते. ते लागले परक्या मुलुखात इंग्रजी शिकवणाऱ्यांना. म्हणूनच या साच्यांची सर्वांत चिकाटीची नोंद इंग्लंडात नव्हे, तर जपानमध्ये झाली.

हॅरल्ड पामर १९२२ साली जपानी शिक्षण खात्याचा सल्लागार म्हणून टोकियोला गेला. पुढच्याच वर्षी तिथे इंग्रजी अध्यापनावर संशोधन करणारी संस्था उभी राहिली. कोणते शब्द आधी शिकवावेत, कोणते शब्द जोडीने येतात, क्रियापदामागून काय येऊ शकते, याच्या याद्या तिथे वर्षानुवर्षे होत राहिल्या. क्युशू बेटावरच्या ओइता शहरात शिकवणारा ए. एस. हॉर्नबी या कामात ओढला गेला, आणि १९३६ मध्ये पामर मायदेशी परतल्यावर मुख्य भार त्याच्यावर आला.

हॉर्नबीने गेटनबी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांसह परक्या विद्यार्थ्यासाठी कोश रचला. त्यात क्रियापदांचे २५ साचे आखून त्यांना क्रमांक दिले होते आणि प्रत्येक क्रियापदापाशी त्याला चालणाऱ्या साच्यांचे आकडे छापले होते. कोणते नाम मोजता येते, कोणते नाही, याचीही खूण होती. 'इन्फर्मेशन्स', 'फर्निचर्स' असे लिहिणाऱ्याला तिथेच उत्तर मिळे. शब्दाचा अर्थ सांगून थांबणारे कोश पुष्कळ होते. या कोशाने तो शब्द वाक्यात कसा बसवायचा तेही सांगितले, आणि त्याचे खरे मोठेपण यातच आहे.

तेवढ्यात युद्ध आले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान आणि ब्रिटन शत्रू झाले, हॉर्नबी स्थानबद्ध झाला आणि १९४२ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला. त्याच वर्षी शत्रूच्या भाषेचा हा कोश कैताकुशा प्रकाशनाने टोकियोत छापला! १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा काढला. भारतातल्या असंख्य घरांत पोहोचलेली 'अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' ती हीच.

मराठी माणसाला तिची गरज का भासावी, हे रोजच्या बोलण्यात दिसते. 'मला समजावून सांगा' म्हणणारा सहज 'एक्सप्लेन मी' म्हणतो. 'त्याविषयी चर्चा केली' असे मनात असले, की 'डिस्कस्ड अबाउट' येते. 'त्याने यावे असे मला वाटते' यातून 'आय वॉन्ट दॅट ही शुड कम' तयार होते. शब्द सगळे इंग्रजी, चूक फक्त साच्याची.

हॉर्नबीचे आकडे लक्षात ठेवणे मात्र अवघड होते. प्रत्येक वेळी कोशाच्या सुरुवातीचा तक्ता उघडावा लागे. पुढच्या आवृत्त्यांत त्यांच्या जागी सोप्या खुणा आल्या. १९८७ मध्ये जॉन सिंक्लेअरच्या बर्मिंगहॅममधल्या चमूने, संगणकात साठवलेल्या खऱ्याखुऱ्या वाक्यांवरून, कोबिल्ड कोश केला आणि नोंदीशेजारच्या वेगळ्या रकान्यात साचे दिले. त्याच कामातून १९९६ मध्ये क्रियापदांच्या साच्यांचे स्वतंत्र पुस्तक निघाले. एकाच साच्यात बसणाऱ्या क्रियापदांचे अर्थही बहुधा एकमेकांजवळचे असतात, हे त्यात शेकडो क्रियापदे गटागटाने मांडून दाखवले आहे.