'अदम्य' : एका शब्दाचें कुळ

इंग्रजींतील 'इंडॉमिटेबल' या शब्दाला 'अदम्य' हा प्रतिशब्द आपण सहज योजतों. पण हे दोन शब्द केवळ समानार्थी नसून एकाच कुळांतले आहेत, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानांत असते. इंग्रजींत हा शब्द सतराव्या शतकांत लॅटिनमधून आला. लॅटिनमध्यें 'दोमारे' म्हणजे माणसाळविणें, वठणीवर आणणें. त्याच धातूपासून निघालेल्या रूपाला नकारार्थी 'इन्' लागून 'कोणाच्यानेंही न माणसाळणारा' असा अर्थ सिद्ध झाला. संस्कृतांतील 'दम्' धातु, ग्रीकांतील 'दमाओ' आणि इंग्रजीच्या घरचा 'टेम' हीं एकाच मुळाचीं भावंडें होत. ग्रीकांनीं तर अत्यंत कठीण पदार्थाला 'आदामास', म्हणजे अदम्य, असेंच नांव दिलें. हिऱ्याचें 'डायमंड' हें इंग्रजी नांव त्याचाच अपभ्रंश होय.

शब्द असा तेजस्वी असला, तरी आमच्याकडील त्याचा एक जुना पुरावा गोठ्यांतला आहे. अमरकोशांत जुंपण्याजोग्या झालेल्या खोंडाला 'दम्य' म्हटलें आहे. बालाघाटच्या शेतकऱ्याला हा अर्थ कोश न उघडतांही कळेल. मानेवर प्रथमच जूं आलें म्हणजे खोंड मान झटकतो, बसकण मारतो. पण चार दिवसांनीं मुकाट्यानें चालूं लागतो.

मग जो जूं झुगारून देतो, तो प्रत्येक जण अदम्य म्हणावयाचा काय? तसें म्हटल्यास हट्टी मूल आणि उन्मत्त सत्ताधीश यांनाही ही पदवी द्यावी लागेल. येथें आमच्या परंपरेनें याच धातूला दिलेला दुसरा अर्थ उपयोगी पडतो. बृहदारण्यकांत प्रजापति देवांना 'द' एवढें एकच अक्षर सांगतो, आणि देव त्यांतून स्वतःला आवरण्याचा उपदेश घेतात. ज्यानें आपली मान आधींच आपण होऊन एका व्रताखालीं दिली, त्याच्या मानेवर दुसऱ्याचें जूं बसावयास जागाच उरत नाहीं. दम आणि अदम्यता यांचें नातें विरोधाचें नसून कार्यकारणाचें आहे.

याचें उदाहरण बीड जिल्ह्याबाहेर शोधावयास नको. निजामी अमलांत अंबाजोगाईचें नांव मोमिनाबाद होतें. तेथील योगेश्वरी शाळेंत १९३५ सालीं एक संन्यासी शिक्षक आले. व्यंकटेश खेडगीकर हें त्यांचें पूर्वाश्रमीचें नांव. १९०३ चा जन्म, आणि १९३२ सालीं संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३८ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर उभी राहण्यापूर्वींच बंदी आली, तेव्हां स्वामीजी सत्याग्रह करून तुरुंगांत गेले. १९४० सालीं पुन्हां तुरुंग. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं, देश स्वतंत्र होत असतांना, पुन्हां अटक. मध्यें सुटका होऊन जानेवारी १९४८ मध्यें आणखी एकदां अटक. अखेर सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाचें राज्य संपलें, तेव्हां ते बाहेर आले.

ज्याला घर नाहीं, द्रव्य नाहीं आणि पदाची आशा नाहीं, त्याला वश करण्यासाठीं राजसत्तेनें कशाचें आमिष दाखवावें? भीति दाखवावी, तर ती तुरुंगाचीच. आणि आश्रमांत व कोठडींत जेवणाखाण्याचा फरक असा कितीसा असणार! स्वामीजींची खरी परीक्षा मात्र विजयानंतर झाली असें मला वाटतें, कारण पुष्कळ अदम्य पुरुष सत्तेच्या दारांत माणसाळतात. ते लोकसभेवर निवडून गेले, परंतु मंत्रिपद त्यांनीं भोगलें नाहीं. हैदराबाद संस्थानाचे भाषावार भाग व्हावेत हा आग्रह त्यांनीं धरला, आणि १९५६ सालीं तें घडून बीड जिल्हा मराठी मुलुखांत आला. १९७२ सालीं ते निवर्तले.

आजकाल ज्याच्या त्याच्या नांवामागें 'अदम्य' हें विशेषण लावलें जातें. तें लावण्यापूर्वीं त्या गृहस्थानें स्वतःच्या मानेवर कोणतें जूं घेतलें आहे, एवढें विचारून पाहावें.