खानावळ ते हातगाडी : काळेवाडीच्या औद्योगिक इतिहासातील एक दुर्लक्षित धागा

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सामान्यतः कारखान्यांच्या स्थापनाक्रमाने सांगितला जातो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. या क्रमावरून कामगार कोठे राबला हे समजते, तो कोठे जेवला हे समजत नाही. पवनेपलीकडील काळेवाडी ही कारखान्यांची नव्हे, तर कामगारांची वस्ती होय. तिच्या इतिहासासाठी दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ४६ मध्ये अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद होती. म्हणजे पाळीतील एका जेवणाची सोय झाली. गावाकडून एकट्या आलेल्या कामगाराचे दुसरे जेवण खानावळीवर अवलंबून राहिले. महिन्याचे पैसे, ठरलेले ताट, रविवारचे गोडधोड आणि न जेवलेल्या दिवसाचा खाडा, अशी ही व्यवस्था. वरकरणी ती घरगुती वाटते. वस्तुतः तिचा पाया नियमित पगार हा होता. पगाराची तारीख निश्चित, म्हणूनच उधारी शक्य.

हा पाया पुढे खचला. १९९१ नंतर कंत्राटी कामगारांचे प्रमाण वाढले, नवे कारखाने चाकणकडे गेले आणि २००७ मध्ये आकुर्डीतील बजाजचे वाहन-उत्पादन थांबले. पुढील महिन्यात काम कोठे असेल हे ज्याला ठाऊक नाही, तो महिन्याचे पैसे भरत नाही. तो एका वेळचे विकत घेतो. वडापाव, भुर्जीपाव व चायनीजच्या गाड्यांची वाढ केवळ रुचिपालटाने स्पष्ट करणे अपुरे आहे, असे म्हणावे लागेल. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे वाकड-काळेवाडी पट्ट्यात आलेल्या तरुणांनी या मागणीत भर घातली, परंतु हा ग्राहक निराळा. त्याच्या हातात पैसा आहे, वेळ नाही.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक वाटते. पथ विक्रेता अधिनियम, २०१४ ने हातगाडीवाल्यास सर्वेक्षण व प्रमाणपत्राचा हक्क दिला. २०२० च्या टाळेबंदीनंतर पीएम स्वनिधी योजनेतून त्यास दहा हजार रुपयांपर्यंतचे पहिले कर्ज मिळू लागले. अंमलबजावणी कशीही असो, दप्तरात त्याचे नाव येऊ शकते. स्वतःच्या स्वयंपाकघरात वीस ताटे वाढणारी बाई मात्र ना पथविक्रेती, ना हॉटेलमालक. मुंबईच्या गिरणगावात अशा स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाद्वारे संघटित केले, त्यामुळे तेथील खानावळींची दखल तरी राहिली. बिनपाटीच्या खानावळीचा पुरावा एकच : खाड्यांची वही. ती सहसा रद्दीत जाते. वास्तविक तिच्या एखाद्या पानावर सर्वांचेच सलग खाडे आढळले, तर ती दिवाळीची सुट्टी, संप की कारखाना बंद पडल्याचा महिना, हे तारखांवरून ताडून पाहता येईल.