कळलावी: गौरीच्या दिवसांत फुलणारी ही वेल घरी लावावी का?

ऑगस्ट उजाडला की कोकणात आणि घाटात फिरायला गेलेल्यांच्या फोटोंमध्ये एक फूल हमखास दिसतं. खाली पिवळं, वर लालभडक आणि पाकळ्या आगीच्या ज्वाळेसारख्या मागे वळलेल्या. फोटोखाली प्रश्नही ठरलेला, ‘हे कुठलं फूल? घरी लावता येईल का?’

हे फूल कळलावीचं. अग्निशिखा, वाघनखी, खड्यानाग ही तिचीच नावं. कोकणात काही ठिकाणी तिला ‘गौरीचे हात’ म्हणतात, कारण गौरी-गणपतीच्या सुमारास ती ऐन बहरात असते. तमिळनाडूचं हे राज्यफूल आणि झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल. 1947 मध्ये त्या वेळच्या दक्षिण ऱ्होडेशियात राजकन्या एलिझाबेथला याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट मिळाला होता.

घरी लावता येते का? येते, आणि फार कष्टही नाहीत. पण आधी एक गोष्ट वाचा.

ही वेल विषारी आहे

‘थोडीफार’ नाही, जीव जाण्याइतकी. कंद, बिया, पानं, फुलं, सगळ्यांत कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं. ते पेशींचं विभाजन थांबवतं. अगदी मोजक्या मात्रेत ते गाऊट या सांधेदुखीवर औषध म्हणून दिलं जातं आणि त्यासाठीच तमिळनाडूत कळलावीची शेती होते. मात्रा चुकली की तेच विष. आयुर्वेदातही तिची गणना उपविषांत आहे.

कंद रताळ्यासारखा दिसतो, त्यामुळे चुकून शिजवून खाल्ल्याच्या घटना भारतात आणि श्रीलंकेत नोंदल्या गेल्या आहेत. काही तासांत उलट्या, जुलाब, घशात जळजळ सुरू होते. नंतर मूत्रपिंड आणि अस्थिमज्जेवर परिणाम होऊ शकतो. कुणी चुकून खाल्लंच तर घरगुती उपाय करत बसू नका. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. 108 ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा आणि झाडाचा फोटो सोबत न्या. सुरुवातीला बरं वाटलं म्हणून घरी परतणं धोक्याचं, कारण खरा त्रास एक-दोन दिवसांनी उफाळू शकतो.

‘कळ लावणारी’ म्हणजे बाळंतपणाच्या कळा आणणारी, असा नावाचा एक अर्थ सांगतात. तो वापर आज करायचा नाही, एवढं पुरे. दुसरी समजूत मजेशीर आहे: ही घरात आणली की भांडणं लागतात! भांडणाचं आपण सांगू शकत नाही. पण मुलं, मांजर-कुत्री यांच्यापासून तिला लांब ठेवायला हे निमित्त वाईट नाही. घरात रांगतं मूल किंवा माती उकरणारा कुत्रा असेल तर माझं मत स्पष्ट आहे, लावूच नका.

लावायची कशी?

कंद मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आसपास लावा. हातमोजे घाला. कंद इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘एल’च्या आकाराचा असतो. नांगरासारखा दिसतो, म्हणून संस्कृतात ‘लांगली’. कोंब फक्त त्याच्या टोकाला असतो. ते टोक मोडलं की तिथून वेल येत नाही, आणि कंद असतो भलताच ठिसूळ. नवशिक्यांचा पहिला कंद बहुतेक इथेच वाया जातो.

12 इंची कुंडी, तळाला मोठी भोकं, माती-वाळू-शेणखताचं मोकळं मिश्रण. कंद आडवा ठेवून वर दोन-तीन इंच माती टाका. पाणी साचलं तर कंद कुजतो. मुंबईच्या पावसात कुंडी पन्हाळीखाली ठेवू नका. चांगलं ऊन हवं, पण दुपारी थोडी सावली चालते.

पानांच्या टोकांचेच ताणे होतात आणि ते बारीक काहीतरी शोधतात. जाड बांबूपेक्षा जाळी, सुतळी किंवा वाळक्या काटक्या द्या. वेल सहा-सात फूट सहज जाते. जुलै ते सप्टेंबर फुलं येतात. एकच फूल आधी हिरवट-पिवळं, मग केशरी आणि शेवटी पूर्ण लाल होतं, म्हणून एका वेलीवर सगळे रंग एकदम दिसतात.

दिवाळीनंतर वेल वाळली, मेली का?

नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वरचा भाग वाळतो आणि कंद जमिनीत झोपतो. पाणी बंद करा, वाळके वेल कापा, शेंगा फुटण्याआधी काढून टाका (लालचुटूक बिया मुलांना खेळायला हव्याशा वाटतात). कुंडी पावसाळ्यापर्यंत कोरडी ठेवा आणि तिच्यावर ‘विषारी’ अशी चिठ्ठी लावा. कंद काढून ठेवायचा असेल तर स्वयंपाकघरात, कांदे-बटाट्यांजवळ अजिबात नको.

बियांपासूनही रोप होतं, पण फुलाला दोन-तीन वर्षं किंवा जास्त लागतात. कंद रोपवाटिकेतूनच घ्या. ट्रेकला गेल्यावर उकरून आणू नका. औषधासाठी कंद खणून नेल्यामुळे रानातली कळलावी आधीच कमी होत आहे, आणि उकरताना ते टोक मोडणारच.