सिंदखेड राजा : लखुजी जाधवराव व त्यांच्या वास्तू

महाराष्ट्र राज्याच्या बुलढाणा जिल्ह्यातील ऐतिहासिक स्थळ व जाधवराव घराण्याच्या वाड्यांचे गाव. हे जालना–मेहकर मार्गावर वसले असून तालुक्याचे ठिकाण आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाई यांचे जन्मस्थान म्हणून ते सर्वश्रुत आहे. तथापि ज्यांच्या वाड्यात हा जन्म झाला, त्या लखुजी जाधवरावांची वास्तुनिर्माता म्हणून ओळख मात्र फारशी झालेली नाही. गावातील राजवाडा, रंगमहाल, काळाकोट, सावकारवाडा, तलाव व बारवा या सर्वांचा संबंध लोकपरंपरा लखुजी व त्यांच्या वंशजांशी जोडते.

हे घराणे आपला वंश देवगिरीच्या यादवांशी जोडते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंदखेडची देशमुखी लखुजींकडे आली. निजामशाहीतील आघाडीच्या मराठा सरदारांत त्यांची गणना होत असे. १६२१ च्या सुमारास ते मोगलांना मिळाले. बादशाहनाम्यानुसार लखुजी, त्यांचे पुत्र, पौत्र व आप्त मिळून २४,००० जात व १५,००० स्वारांच्या मनसबी या एका कुटुंबाकडे होत्या. पुढे ते निजामशाहीत परतले. परंतु २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या (दौलताबादच्या) किल्ल्यात अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि यशवंतराव हा नातू यांच्यासह त्यांची हत्या करण्यात आली. तेव्हा घरातील उरलेली माणसे सिंदखेडला निघून गेली.

लखुजींच्या चरित्राची साधने अशी प्रायः फार्सी तवारिखा व उत्तरकालीन बखरी यांत आहेत. त्यांत मनसबी, फितुरी व लढाया यांचे वर्णन सापडते. वाडा केव्हा उभारला, दगड कोठून आणला, गवंडी कोण होते, यांविषयी या ग्रंथांना आस्था नाही. म्हणून सिंदखेडच्या बांधकामाचा मुख्य पुरावा म्हणजे त्या वास्तूच होत.

राजवाड्याचे उंच दगडी प्रवेशद्वार आजही भक्कम असून त्यावर नगारखाना आहे. आत जोती, दालनांचे अवशेष व तळघरे दिसतात. मराठा वाड्यांत सामान्यतः जोते व खालचा भाग घडीव दगडांचा, तर वरचे मजले वीट व लाकूड यांचे असत. वसती उठली की प्रथम लाकूड जाते, मग विटा. जोते तेवढे उरते. राजवाड्याच्या आजच्या स्थितीचा उलगडा यावरून होतो. आतील म्हाळसा महाल हे जिजाबाईंचे जन्मस्थान (१२ जानेवारी १५९८) मानले जाते. म्हाळसाबाई या लखुजींच्या पत्नी होत. गावातील रंगमहालाशी शहाजी व जिजाबाई यांच्या बालपणीच्या रंगपंचमीची प्रसिद्ध कथा निगडित आहे. ही कथा सांगणाऱ्या बखरी मूळ प्रसंगानंतर बऱ्याच काळाने लिहिल्या गेल्या. त्यांच्या आधारे एखाद्या विशिष्ट दालनाची निश्चिती करणे योग्य ठरणार नाही. काळाकोटाची रुंद तटबंदी मात्र कथेच्या आधाराविना लक्ष वेधून घेते. निवासासाठी इतक्या जाड भिंतींची गरज नसते. घराण्याला स्वसंरक्षणाची किती चिंता होती, हे तीवरून कळते.

सर्वांत महत्त्वाची वास्तू म्हणजे लखुजींची समाधी. चौरस तलविन्यास, कमानी व घुमट यांनी युक्त अशी ही भव्य इमारत प्रथमदर्शनी मुसलमानी कबरीसारखी वाटते. निजामशाही दरबारात वावरलेल्या सरदाराच्या स्मारकाला दख्खनी सुलतानी शैलीचे वळण यावे, यात नवल नाही. सतराव्या शतकातील मराठा समाध्यांमध्ये एवढ्या आकाराची वास्तू विरळाच. देवगिरीवर लखुजींबरोबर मारल्या गेलेल्या पुत्र-पौत्रांची स्मारकेही येथेच असल्याचे मानले जाते.

कमी पावसाच्या या मुलखात वाड्याइतकेच महत्त्व पाण्याच्या बांधकामांना होते. मोती तलावाच्या दगडी बांधातच महालासारखी रचना आहे, तर चांदणी तलावाच्या मध्यभागी एक इमारत आहे. पुतळा बारव तिच्यातील शिल्पांमुळे त्या नावाने ओळखली जाते. नीळकंठेश्वर व रामेश्वर ही मंदिरे जाधवांच्या पूर्वीची असून त्यांवरून गावाची प्राचीनता लक्षात येते. या प्राचीनतेला २०२४ मध्ये ठळक पुष्टी मिळाली. समाधीच्या संवर्धनाच्या कामात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाला जवळच जुन्या शिवमंदिराचे अवशेष आढळले आणि सु. सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची दगडी मूर्ती मिळाली. तिची लांबी १.७० मी. व उंची १ मी. असून पीठावर समुद्रमंथनाचा प्रसंग कोरलेला आहे. यावरून लखुजींनी ओसाड माळावर गाव वसविले नाही. एका समृद्ध मध्ययुगीन वसतीवर आपले ठाणे उभारले, हे उघड होते. राजवाड्याच्या जोत्यांखालीही असा जुना थर असणे असंभवनीय नाही.

लखुजींनंतर त्यांचे बंधू जगदेवराव व पुत्र बहादुरजी यांनी मोगलांचा आश्रय घेतला व वतन घराण्यात टिकले. अठराव्या शतकात जाधव निजामाच्या पदरी होते. डिसेंबर १७५७ मध्ये मराठ्यांनी रामचंद्र जाधवास सिंदखेड येथे वेढले. त्याच्या मदतीस आलेल्या निजाम अलीचा पराभव होऊन २५ लाखांचा मुलूख व नळदुर्ग मराठ्यांना मिळाला. घराण्याच्या काही शाखा देऊळगाव राजा येथे नांदल्या. तेथील बालाजी मंदिर जाधवांच्याच आश्रयाने वाढले. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, तोवर घराण्याची सत्ता क्षीण झाली होती. आल्फ्रेड लायल यांचे १८७० चे गॅझेटियर, कझिन्स यांची १८९७ ची पुरावशेषांची यादी व १९१० चे जिल्हा गॅझेटियर ही वऱ्हाडच्या स्थळांची आरंभीची इंग्रजी साधने होत.

राजवाडा राज्य पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. दरवर्षी १२ जानेवारीस जिजाऊ जन्मोत्सवासाठी लाखो लोक येतात व म्हाळसा महालाचे दर्शन घेतात. काळाकोट, सावकारवाडा आणि बारवांकडे त्यांपैकी थोडेच वळतात. या उपेक्षित वास्तूंची सविस्तर मोजणी व आराखडे होणे, तसेच जोत्यांच्या परिसरात पद्धतशीर उत्खनन होणे अगत्याचे आहे. लिखित साधने जेथे मूक आहेत, तेथे लखुजींच्या काळचे बांधकाम कोणते व वंशजांनी घातलेली भर कोणती, हे केवळ भिंतींच्या अभ्यासानेच ठरविता येईल.