मालकीचे खंड, भाड्याचे वाचन

विज्ञानाच्या इतिहासात आपण शोध वाचतो, शोधकांची चरित्रे वाचतो. पण एका ठिकाणी लागलेला शोध दुसऱ्या ठिकाणच्या वाचकापर्यंत कसा पोचला, हा इतिहास क्वचितच लिहिला जातो. एखाद्या प्रश्नावर आधी कोणी काय काम केले आहे हे समजल्याशिवाय संशोधनाला सुरुवातच होत नाही. म्हणून विद्यापीठाचे ग्रंथालय हे प्रयोगशाळेइतकेच महत्त्वाचे साधन आहे. गेल्या चाळीस वर्षांत या साधनाचे रूप पार पालटले. या पालटात काय मिळाले आणि काय निसटले, हे मूर्तिजापूरसारख्या तालुक्याच्या गावातून पाहिले तर अधिक स्पष्ट दिसते. मोठ्या ग्रंथालयापासून जो जितका दूर, त्याला या बदलाचा लाभ जास्त आणि धोकाही जास्त.

पोस्टकार्डाचे दिवस

१९८३ पूर्वी वऱ्हाडातील महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. मूर्तिजापूरहून नागपूर दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे झाले आणि विद्यापीठ जवळ आले. ग्रंथालय मात्र तितक्या लवकर जवळ येत नाही. इमारत काही वर्षांत बांधता येते, पाठ्यपुस्तके एका वर्षात घेता येतात. पण संशोधन-नियतकालिकांची गोष्ट वेगळी आहे. आज वर्गणी भरली तर आजपासूनचे अंक येतात. मागच्या पन्नास वर्षांचे अंक दुसऱ्याच कोणाच्या तरी कपाटात असतात. जुन्या आणि नव्या विद्यापीठांत खरे अंतर असते ते या मागच्या खंडांचे.

मग दूरच्या गावातला प्राध्यापक काय करीत असे? त्याचा पहिला आधार पोस्टकार्ड. लेखाचा गोषवारा कुठे तरी वाचायचा, लेखकाचा पत्ता टिपायचा आणि लेखाची प्रत पाठवण्याची विनंती करणारे कार्ड टाकायचे. अनेक परदेशी शास्त्रज्ञ अशा कार्डांना आवर्जून उत्तर देत. दुसरा आधार दिल्लीच्या इन्सडॉक या संस्थेचा. युनेस्कोच्या साहाय्याने १९५२ साली ती सुरू झाली. कोणते नियतकालिक देशातल्या कोणत्या ग्रंथालयात आहे, याच्या संयुक्त सूची तिने केल्या. मागणी नोंदवली की लेखाची छायाप्रत टपालाने येई. वेळ लागे, पण एक गोष्ट नक्की होती. आलेली प्रत आपली असे. ती फाइलीत राही आणि पुढच्या विद्यार्थ्याला देता येई.

ग्रंथपालाचे कामही या कागदाभोवतीच फिरत असे. अंक आला की दाखल नोंदवहीत नोंद, न आलेल्या अंकासाठी स्मरणपत्र, वर्ष संपले की सारे अंक एकत्र करून बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरांत वर्ष आणि खंड. एखादा अंक गहाळ झाला तर तो खंड कायमचा अपुरा राही. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले एस. आर. रंगनाथन हे मुळात गणिताचे शिक्षक. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हा त्यांतला एक विचार. वऱ्हाडातल्या संशोधकाचा वेळ वाचवण्याचे काम त्या काळी पोस्टमनकडेही होते, असे म्हणायला हरकत नाही.

एकाच वर्षातल्या तीन घटना

१९९१ हे वर्ष या इतिहासात ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जुलै महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. सुमारे २१ रुपयांचा डॉलर २६ रुपयांच्या जवळ गेला. परदेशी नियतकालिकांच्या वर्गण्या डॉलर आणि पौंडात भरायच्या असत. अनुदान तेवढेच आणि वर्गणी मात्र एका आठवड्यात एकपंचमांशाहून अधिक महाग, अशी विद्यापीठांची स्थिती झाली. शिवाय प्रकाशकांच्या किमती मुळातच वर्षागणिक वाढत होत्या. ग्रंथालयांना वर्गण्या बंद कराव्या लागल्या. बंद झालेल्या वर्गणीची खूण कपाटात स्पष्ट दिसते. खंडांची रांग एका वर्षापाशी थांबते आणि पुढची फळी रिकामी राहते.

त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्फ्लिबनेट हा प्रकल्प पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र-संस्थेच्या छत्राखाली सुरू केला. देशभरातील विद्यापीठ-ग्रंथालये संगणकाने जोडायची, हा त्याचा हेतू. १९९६ मध्ये तो स्वतंत्र केंद्र झाला. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने शोधनिबंध छापून येण्याआधीच संगणकावरून मोफत वाटण्याची सोय केली. आज ती अर्काइव्ह या नावाने प्रसिद्ध आहे. म्हणजे ज्या वर्षी कागदावरचे अंक आवाक्याबाहेर गेले, त्याच वर्षी कागदाशिवाय वाचण्याच्या दोन वाटा उघडल्या.

त्या रुंद व्हायला दहा-बारा वर्षे लागली. २००४ पासून आयोगाच्या यूजीसी-इन्फोनेट योजनेत पहिल्या टप्प्यातल्या पन्नास विद्यापीठांना हजारो ई-नियतकालिके मिळू लागली. विद्यापीठांनी वेगवेगळी वर्गणी भरण्याऐवजी सर्वांसाठी एकत्र सौदा करायचा, ही त्यामागची युक्ती. आमच्या पिढीने पीएच.डी.साठी नाव नोंदवले ते याच सुमारास. बांधीव खंडांत शोधायचे आणि पडद्यावर वाचायचे, अशी दोन्ही कामे आम्ही एकाच दिवसात केली आहेत. २०१० मध्ये एन-लिस्ट ही योजना आली आणि ही सोय विद्यापीठाच्या आवाराबाहेर महाविद्यालयांपर्यंत पोचली. नाव आणि परवलीचा शब्द दिला की घरी बसून वाचता येऊ लागले. २०१५ मध्ये या योजना ई-शोधसिंधू या नावाखाली एकत्र झाल्या.

प्रबंधांची कथा तर आणखी बोलकी आहे. पूर्वी पीएच.डी.च्या प्रबंधाच्या मोजक्या टंकलिखित प्रती निघत. त्यांतली एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात कपाटबंद होई. पुष्कळदा मार्गदर्शक, परीक्षक आणि धूळ यांखेरीज तिला कोणी वाचक लाभत नसे. आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले आणि इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा या भांडारात असे लाखो प्रबंध जमा झाले. ते कोणालाही मोफत वाचता येतात. २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. बाबांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी गेले. त्याच तालुक्यातला शिक्षक आज विद्यापीठात न जाता देशभरातले प्रबंध वाचू शकतो, ही क्रांती लहान नाही.

रूळ कोणाचे?

मूर्तिजापूर स्थानकातून अचलपूर आणि यवतमाळ अशा दोन दिशांना अरुंद रुळांची शकुंतला गाडी जाई. वऱ्हाडातला कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत आणण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी हा मार्ग झाला. त्याची एक खासियत होती. रूळ किलिक-निक्सन या मुंबईच्या कंपनीशी संबंधित खासगी रेल्वे कंपनीच्या मालकीचे, आणि गाड्या चालवणारी सरकारी रेल्वे. १९५१ च्या राष्ट्रीयीकरणातूनही हा मार्ग वगळला गेला. गाडी आपली, प्रवासी आपले, पण रूळ वापरल्याबद्दल मालकाला मोबदला द्यायचा. आता या मार्गावर गाड्या धावत नाहीत.

ई-नियतकालिकांचा व्यवहार नेमका याच जातीचा आहे. लेख प्रकाशकाच्या संगणकावर असतो. ग्रंथालय वर्गणी भरते ती बहुधा अंकाची नव्हे, तर अंक पाहण्याच्या परवानगीची. छापील अंकाची वर्गणी थांबली तर पुढचे अंक येत नाहीत, पण मागचे कपाटात राहतात. ई-अंकांचा करार संपला आणि त्यात वेगळी तरतूद नसली, तर पुढचे येत नाहीत आणि मागचेही दिसेनासे होतात. कपाटातल्या रिकाम्या फळीसारखी खूणसुद्धा उरत नाही.

तरतूद असली तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ च्या फेब्रुवारीत एल्सेव्हिअर या बलाढ्य प्रकाशकाशी असलेला करार पुढे चालू ठेवायचे नाकारले. २०२१ मध्ये नवा करार होईपर्यंत तिथल्या संशोधकांना नव्या लेखांसाठी इतर वाटा शोधाव्या लागल्या. पण आधी पैसे भरलेल्या बहुतेक जुन्या अंकांवरचा कायमचा हक्क विद्यापीठाने राखलेला होता, म्हणून काम चालू राहिले. वाटाघाटीत ताठ उभे राहण्याचे बळ त्यांना या जुन्या खंडांनी दिले.

आपल्याकडे २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० ई-नियतकालिके, आणि केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था. जानेवारी २०२५ मध्ये ती सुरू झाली. मोठ्या शहरांची मक्तेदारी मोडणारी ही योजना आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. पण मुदत तीन वर्षांची आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. वर्गणी जितकी मोठी आणि एकत्रित, तितका तिच्यातल्या जुन्या अंकांवरच्या हक्काचा प्रश्न मोठा.

कागदाचे मरण आणि फाइलीचे मरण

मग सगळे छापूनच ठेवावे काय? तसेही नाही. कागद अमर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कागद लाकडाच्या लगद्यापासून होऊ लागला आणि शाई फुटू नये म्हणून त्याला राळ आणि तुरटीसारखे क्षार लावले जाऊ लागले. ओलाव्यात त्यांतून आम्ल तयार होते. हे आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडते, आणि कागद पिवळा, मग तपकिरी, मग पापडासारखा ठिसूळ होतो. तापमान वाढले की ही क्रिया वेगाने होते. वऱ्हाडातला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, पाठोपाठ पावसाळ्याची ओल आणि वाळवी, हे तिन्ही कागदाचे शत्रू आहेत. कागद पिवळा पडण्याचे दुसरे कारण वर्गात दाखवता येते. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पुठ्ठा ठेवून तो आठवडाभर उन्हात ठेवा. उघडा भाग पिवळा पडेल, झाकलेला तितका पडणार नाही. लगद्यात उरलेल्या लिग्निनवर झालेला हा प्रकाशाचा परिणाम.

कागद सावकाश मरतो आणि मरताना दिसतो. संगणकीय फाइल बहुधा एकदम मरते. १९९० च्या दशकात अनेक ग्रंथालयांनी लेखसूची सीडी-रॉमवर घेतल्या. आज ती तबकडी चकचकीत असली, तरी ती वाचणारे यंत्र आणि उघडणारी प्रणाली हाताशी असेलच असे नाही. म्हणून फाइल जपायची म्हणजे ठरावीक काळाने ती नव्या माध्यमावर, नव्या रूपात उतरवत राहायचे. हे काम न थांबणारे आहे आणि त्याला दरवर्षी पैसा लागतो.

दोन्हींवर उपाय एकच, आणि तो पोथ्यांच्या नकला करणाऱ्या आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. प्रती अनेक असाव्यात आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात. स्टॅनफर्ड विद्यापीठात विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला लॉक्स प्रकल्प हेच करतो. अनेक ग्रंथालये तोच अंक आपापल्या संगणकांवर ठेवतात आणि ते संगणक आपसांत प्रती ताडून बिघडलेली दुरुस्त करतात. याचे महत्त्व महाराष्ट्राला ५ जानेवारी २००४ रोजी फार कटू रीतीने कळले. त्या दिवशी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, हस्तलिखितांची आणि ग्रंथांची नासधूस झाली. ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही, ते गेले की कायमचे गेले.

काय ठेवावे, काय सोडावे

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात ग्रंथालयासाठी ज्ञानस्रोत केंद्र हे नाव आले. नाव बदलले तरी मूळ प्रश्न जुनाच आहे. जागा मर्यादित, पैसा मर्यादित. मग ठेवायचे काय? आमच्या मते याला एक साधी कसोटी लावावी. जे जगात हजार ठिकाणी आहे, ते पडद्यावर वाचले तरी चालेल. जे आपल्याकडेच आहे, ते आपणच जपले पाहिजे. आल्फ्रेड लायल यांचे १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटियर एके काळी मोजक्या ग्रंथालयांतच पाहायला मिळे. आज त्याची प्रतिमा कोणालाही मोफत मिळते. पण महाविद्यालयाच्या जुन्या वार्षिकांकातला स्थानिक पिकांवरचा लेख, पर्जन्यमापकाच्या नोंदवह्या, तालुक्यातल्या वनस्पतींची विद्यार्थ्यांनी केलेली यादी, हे कोणताही परदेशी प्रकाशक साठवणार नाही. ते रद्दीत गेले तर कोणत्याही वर्गणीने परत मिळणार नाही.

शिक्षक याबाबतीत बरेच करू शकतात. आपल्या महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथपालांना तीन प्रश्न विचारावेत. आपण ज्यासाठी पैसे भरतो, त्यातले करार संपल्यावर आपल्याकडे काय उरते? मोडीत काढायच्या खंडांची दुसरी प्रत जवळपास कुठे आहे, हे पाहिले आहे काय? आणि फक्त आपल्याकडेच असलेल्या कागदांची यादी कोणी केली आहे काय? यांतला तिसरा प्रश्न शाळेच्या कपाटालाही लागू पडतो. त्याचे उत्तर द्यायला योजनेची, अनुदानाची वा संगणकाची वाट पाहावी लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि दोन जिज्ञासू विद्यार्थी पुरतात.